नीलव्वाची पहिली पंचमी

आमचे येथे कुलदैवताच्या कृपेने आमची एकुलती एक कन्या
चि. सौ. कां. नीलव्वा
(मु. उदगीर, अंग कापडाचे, पोटात ज्वारी)
हिचा शुभविवाह
चि. सुभानराव
(मु. उदगीर, मूळचे हैदराबादचे, कोटवाले)
यांच्याशी येत्या सोमवारी दिवस मावळायच्या आत करण्याचे योजिले आहे.
कारण : पाऊस.
येताना तांब्याभर पाणी आणावे.

वहीच्या पानावरची ही पत्रिका सिंधूनं लिहिली. चौथीत तिच्यासारखं वळणदार अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. जगदेवीच्या वाट्याला आलं ते कोपऱ्याला हळदीचं बोट लावणं. ते तिला तेव्हाच खुपलं. पण नीलव्वाचं नाव वर होतं आणि सुभानरावाचं खाली, एवढ्यावर तिनं समाधान मानलं. पुढं काय वाढून ठेवलंय हे तिला ठाऊक असतं तर तिनं तो कागद चुलीत घातला असता.

*

मिरग कोरडा गेला होता. आर्द्राही गेल्या. आदलं सालही असंच गेलेलं. गल्लीच्या तोंडाशी जो हापसा होता, तो आधी दहा हापशांना पाणी द्यायचा, मग पन्नासाला द्यायला लागला, मग नुसताच खोकायला लागला. तेव्हा सिद्धम्मानं निकाल दिला. सिद्धम्मा सत्तरीची, लुगड्याचा काष्टा अजून तट्ट, आणि किल्ल्याकडं जाणाऱ्या त्या गल्लीत कुणाचं भांडण तिच्या ओट्यावर आल्याशिवाय मिटत नसे.

"बाहुला-बाहुलीचं लगीन लावा, पोरींनो," ती म्हणाली. "बहात्तरला लावलं न्हाई. काय झालं ते बघितलंच की."

"बहात्तरला आम्ही कुठं होतो?" सिंधू म्हणाली.

"म्हणून तर सांगतेय."

नवरदेव ठरलेलाच होता. सिंधूचा सुभानराव हैदराबादहून आलेला, रबरी, निळ्या कोटाचा, पायात काढता-घालता येणारे काळे बूट. सिंधूकडं नवरीही होती, तिथलीच, आडवी केली की डोळे मिटणारी. दोन्ही एकाच घरातले, म्हणजे खर्च नाही, कटकट नाही. बायका माना डोलवायला लागल्या. आणि जगदेवीच्या पोटात कळ आली. सगळी गल्ली जमणार, लग्न लावायला जंगम स्वामी येणार, अक्षता पडणार, आणि ते सगळं सिंधूच्या घरातल्या घरात?

"एका घरातलं लगीन लागत न्हाई," ती म्हणाली. "ती बहीण-भाऊ होतात."

सिद्धम्मानं जगदेवीकडं पाहिलं. मापाड्याच्या या आठ वर्षांच्या पोरीला तिनं पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"खरं हाय," ती म्हणाली. "पोरगी बोलली ते खरं हाय. नवरी दुसऱ्या घरची पाहिजे. तुझी हाय का?"

जगदेवीनं छाती काढून सांगितलं, "हाव. नीलव्वा."

नीलव्वा तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, शिवलेली होती. जुन्या इरकलीचा काठ, डोक्याला काळी लोकर, डोळ्यांना दोन गुंजा. पोटात भरायला कापूस नव्हता, तेव्हा अव्वानं ज्वारी भरली. जगदेवीचे आप्पा, चंद्रप्पा, मोंढ्यात, म्हणजे दाण्याच्या बाजारात, मापाडी होते. मापं घालून झाली की खाली सांडलेलं झाडून घरी आणायला मिळे, त्यातली. त्यामुळं नीलव्वाला वजन होतं. आणि आवाज होता. कानाशी धरून हलवली की ती सळसळ बोलायची. ती सळसळ ऐकल्याशिवाय जगदेवीचा डोळा लागत नसे. सिंधूच्या बाहुल्या डोळे मिटत असतील. बोलत नव्हत्या.

*

सिंधूच्या अंगणात लग्नाला सत्तर-ऐंशी माणसं, आणि तितकेच तांबे.

"लिंगायताची पोरगी अन् मराठ्याचा नवरदेव," मागं कुणीतरी हसलं. "असं कुठं असतंय?"

"ढगाला काय कळतंय?" सिद्धम्मा म्हणाली. "त्याला अक्षता दिसल्या म्हंजे झालं."

अक्षता पडल्या. जगदेवीनं रिवाजाप्रमाणं नवरदेवाचा डावा बूट पळवला आणि परकराच्या नेफ्यात खोवला. सगळे आपापला तांब्या नवरा-नवरीच्या पायाखालच्या परातीत ओतत होते, आणि त्या परातीकडं बघताना बायांचे चेहरे असे झाले होते की जगदेवीला वाटलं, आपण फार मोठं काहीतरी केलंय. एवढी माणसं. आणि मध्ये तिची नीलव्वा. सिंधू नुसती वराकडची.

मग सिद्धम्मानं नीलव्वाला उचललं. सिंधूच्या ओटीत ठेवलं. सिंधूच्या आईनं, विठाकाकूंनी, उंबऱ्यावर पाणी ओवाळून टाकलं. नीलव्वाला घेऊन मायलेकी आत गेल्या.

आणि जगदेवी बाहेर ओट्यावर उभी राहिली.

आजवर तिनं नीलव्वाची सहा-सात लग्नं लावली होती. भातुकलीतल्या लग्नात पाठवणी नसते. अव्वाची जेवायला हाक येते, आणि बाहुली काखेत मारून आपण घरी जातो.

*

ती गेलीच मागायला. दिवस मावळायचा होता, परात अजून अंगणातच होती.

"सिंधू, दे गं."

"काय?"

"नीलव्वा. खेळ संपला."

"खेळ?" सिंधूनं आईकडं पाहिलं.

विठाकाकू मऊ बाई. पण मऊ बोलून त्यांनी जे सांगितलं ते दगडासारखं होतं. "जगू, आता ती आमची सून हाय बाई. स्वामींनी लगीन लावलं. सासरहून पोरगी पहिल्याच दिवशी कशी नेतीस?"

ती सिद्धम्माकडं गेली. सिद्धम्मा म्हणाली, "खेळातलं असतं तर मीच आणून दिली असती. हे पावसाचं हाय. वर बसलाय त्यानं बघितलंय."

"पण मला कुणी सांगितलं न्हाई."

"तूच म्हणलीस की, दुसऱ्या घरची पाहिजे. दुसऱ्या घरची म्हंजे दुसऱ्या घरला जाणारी. एवढं तर तुला कळत असंल म्हणून आम्ही गप बसलो."

घरी आल्यावर आप्पांनी तिला गुडघ्यावर घेतलं. ते भोळे गृहस्थ. समजूत काढायला म्हणून बोलून गेले, "चार रोज थांब. पाऊस न्हाई आला तर लगीन लागलंच न्हाई म्हणू. जाऊन घेऊन येऊ."

बोलले, आणि पोरीच्या हातात काय दिलं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. अख्खं उदगीर वर बघून हात जोडत होतं, आणि त्या एका घरात एक पोर भिंतीकडं तोंड करून म्हणत होती : नको. नको. नको.

*

गुरुवारी पाऊस आला.

*

फार नाही. पण आला. पोरं नागडी होऊन पळाली, गल्लीत पन्हाळीखाली बादल्या लागल्या, आणि जो तो सिंधूच्या दारावरून जाताना आत डोकावून म्हणे, "सूनबाई गुणाची निघाली." सिंधू नीलव्वाला हातात धरून दारात उभी होती. जगदेवी शेजारी आपल्या ओट्यावर. तिला दिसत होतं की एकेक थेंब सिंधूच्या बाजूनं पडतोय.

"सूनबाईची आई तिकडं हाय बघा," असं कुणी म्हटलं नाही. ती वाट बघत होती. कुणीच म्हटलं नाही.

त्यानंतर तिनं पाळतच धरली. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला एक वीट ढिली होती, तिथून सिंधूचं अंगण दिसे. सिंधूनं नीलव्वाला नवी चोळी शिवली. सिंधूनं नीलव्वाला उन्हात बसवलं, कशाला, रंग उडेल ना. सिंधूनं नीलव्वाला कानाशी धरलं. हे बघितलं त्या दिवशी जगदेवी जेवली नाही. कानाशी धरायचं तिला सांगितलं कुणी? ते आपल्याला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे नीलव्वानंच सांगितलं असणार.

"त्यांच्यात मटण खातात," ती अव्वाला म्हणाली.

अव्वानं पदर तोंडाला लावला. "कापडाच्या बाहुलीला कोण मटण वाढतंय?"

"सिंधू वाढंल. मुद्दाम वाढंल."

"नीलव्वा खाईल का पण?"

यावर जगदेवीनं बराच वेळ विचार केला. तिला वाटत होतं की नाही खाणार. आणि वाटत होतं की आता काय सांगावं, चोळी घातली तशी खाईलही.

पाऊस दोन दिवस पडून थांबला तो थांबलाच. पेरलेलं उगवलं आणि उगवलेलं वाळायला लागलं. जगदेवी टुणकन सिद्धम्माच्या ओट्यावर हजर. "आता मोडलं ना लगीन?"

"नवरा-बायकोत काय कुरबुर झाली असंल," सिद्धम्मा वात वळता वळता म्हणाली. "मिटंल."

घरी परत येताना ती खुशीत होती, पाऊस नाही म्हणून. दारात आप्पा बसले होते. मोंढ्यात माल नव्हता. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन. आप्पांचा तो 'लाभ' मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. आठ दिवसांत त्यांनी तो शब्द उच्चारला नव्हता. नुसते बसले होते, हात गुडघ्यांवर पालथे ठेवून. जगदेवीला आपली खुशी लपवावी लागली. कुठं लपवावी ते कळेना, म्हणून ती आप्पांच्या शेजारी जाऊन बसली, आणि तिनंही हात पालथे ठेवले.

*

इथपर्यंत नीलव्वा भिंतीपलीकडं होती. निदान वीट होती.

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. कचेऱ्या नव्या, खुर्च्या नव्या, माणसं कमी. सिंधूचे वडील व्यंकटराव उदगीरच्या तहसिलीत कारकून. त्यांची बदली लातूरला झाली.

त्या दिवशी आप्पांच्या ओट्यावर माणसं जमली. किराणा दुकानवाला धोंडप्पा तावातावानं बोलत होता. "किल्ला आपला. रेल्वे आपली. दाण्याचा बाजार आपला. अन् जिल्हा कुणाचा? त्यांचा."

"नशीब असतंय एकेकाचं," आप्पा म्हणाले.

"नशीब कसलं? मागून घेतलं त्यांनी. आपण बसलो तोंडाकडं बघत. आता आपली चांगली चांगली माणसं बी तिकडंच."

जगदेवी उंबऱ्यात बसून ऐकत होती. मोठ्या माणसांचं बोलणं तिला एरवी कळत नसे. हे मात्र तिला शब्दन् शब्द कळलं. धोंडप्पाकाकांच्या पोटातही तिच्यासारखीच कळ उठली होती, हे तिला त्यांच्या आवाजावरून कळलं, आणि तिला ते एकदम फार आवडायला लागले.

सामान ट्रकमध्ये चढलं. सिंधू पुढं आईच्या मांडीवर, आणि तिच्या मांडीवर नीलव्वा. सुभानराव खिडकीत, एका पायात बूट, एक पाय उघडा.

"जगू," सिंधू खाली वाकली. "बूट दे ना."

"कुठला बूट?"

"तुला ठाऊक हाय."

"मला न्हाई ठाऊक."

ट्रक सुरू झाला. बूट जगदेवीच्या मुठीत होता, आणि मूठ पाठीमागं. ट्रक चौबाऱ्याकडं वळेपर्यंत तिनं मूठ आवळली ती इतकी, की नंतर हातावर टाचेचा वण उठलेला होता.

*

प्रिय जगूस,
आम्ही इकडे खुशाल. घर लहान आहे पण नळाला दिवसाआड पाणी येते. नीलव्वा मजेत आहे. तिला इकडचे मानवले. सुभानराव घरातच असतात, कारण तुला माहीत आहे. बूट सापडला का?
तुझी सिंधू

'मानवले' हा शब्द जगदेवीनं नऊ-दहा वेळा वाचला. तिला मानवले. अक्षर तर असं गोलगोल, की शब्द स्वतःच मजेत असल्यासारखा दिसत होता. ती पोस्टकार्ड घेऊन अव्वाकडं गेली आणि न रडता म्हणाली, "ती मला विसरली."

अव्वा भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "पंचमी कव्हा हाय?"

"मला काय ठाऊक?"

"पुढल्या शनिवारी. लेकीची पहिली पंचमी माहेरीच असते. तिला आणायला जायला पाहिजे न्हवं? सासरच्यांना नाही म्हणता येत न्हाई. सिद्धम्माला विचार पाहिजे तर."

जगदेवी धावली. सिद्धम्माला हे मान्यच करावं लागलं. रिवाज म्हणजे रिवाज. पण तिनं एक खुसपट काढलंच. "आणायला मुऱ्हाळी म्हणून भाऊ जातो. बाईमाणूस न्हाई."

"नीलव्वाला भाऊ न्हाई."

"मग?"

"मी जाते."

"तू तर तिची आई. आई तर मुळीच जात न्हाई."

"मग मी भाऊ," जगदेवी म्हणाली.

*

आप्पांना तसंही लातूरला जायचं होतं. मापाड्याचा परवाना आता नव्या जिल्ह्याच्या शिक्क्यानं करून घ्यायचा होता. अव्वानं शेंगांच्या पोळ्या बांधून दिल्या. यष्टीत बसल्यावर जगदेवीनं आप्पांची पांढरी टोपी मागून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. ती कानांपर्यंत आली. कंडक्टरनं विचारलं, "हे कोण पाव्हणं?"

"मुऱ्हाळी," आप्पा म्हणाले.

"बरं बरं. मुऱ्हाळ्याला अर्धं तिकीट."

नळेगावपर्यंत दोन्ही बाजूंना वीतभर पिकं पिवळी पडून उभी होती. जगदेवीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती काय काय बोलायचं ते जुळवत होती. नीलव्वा दिसली की आधी तिचं पोट दाबून बघायचं. ज्वारी कमी झाली असली तर तिथंच सगळ्यांसमोर म्हणायचं. अंगाला मटणाचा वास आला तर सिद्धम्माला सांगायचं, मग लगीन राहतंच कुठं.

लातुरात गंजगोलाई बाजारामागच्या एका बोळात एका खोलीचं घर. सिंधू दारातच होती. ती वाळलेली वाटली, का परकर तोकडा झाला होता.

"आम्ही न्यायला आलो," जगदेवी म्हणाली. टोपी तिनं काढली नाही.

विठाकाकूंनी पाय धुवायला पाणी दिलं, अर्धा तांब्या, रीतसर. सिंधू आत गेली. खोलीच्या कोपऱ्यात फळीखाली सुभानरावांचं बिऱ्हाड होतं. काडेपेटीचे पलंग, बुचाची भांडी, तीन खड्यांची चूल. आणि वीतभर जागा सोडून, मध्ये खडूची रेघ ओढून, दुसरी चूल. तीन खडे. छोटीशी. कोरी, स्वच्छ. तिच्यापाशी नीलव्वा बसली होती.

"दोन चुली कशाला?" जगदेवीनं विचारलं.

"ती आमच्यातलं खात न्हाई ना," सिंधू म्हणाली. "तिची येगळी मांडली. आमच्यात बोकड असला की मी तिला शेजारच्यांकडं ठेवते. ते माळकरी हायत."

जगदेवीनं यष्टीत जुळवलेलं सगळं बोलणं त्या तीन खड्यांपाशी सांडलं. तिनं सिंधूबद्दल नाही नाही ते मनात आणलं होतं, रोज नवीन. हे एवढं तिच्या मनात आलं नव्हतं. आणि त्याचाच तिला राग आला. सिंधूनं वाईट वागायला पाहिजे होतं.

तिनं नीलव्वाला उचललं. पोट दाबलं. कानाशी धरलं. सळसळ तीच होती. पण डोक्यावरच्या लोकरीची घट्ट वेणी घातलेली, टोकाला लाल रिबीन.

"माझ्याकडं असताना तिची वेणी राहायची न्हाई."

"पाण्याचा हात लावून घालायची," सिंधू म्हणाली. "मला इथं दुसरं काय काम हाय? शाळेतल्या पोरी मला खेळात घेत न्हाईत. उदगीरची उदगीरची करतात."

जगदेवीला हसू येणार होतं. लातूरवाल्यांनी उदगीरवालीला चिडवावं, आणि ती सिंधू असावी. धोंडप्पाकाकांना सांगायला पाहिजे. पण हसू आलं नाही. सिंधूचे हात नीलव्वाची पिशवी भरत होते. नवी चोळी, एक जुनी चोळी, रिबीन. दर वेळी पिशवीचं तोंड बंद करायची आणि पुन्हा उघडायची. ही सवय जगदेवीला चांगली ओळखीची होती. भिंतीतली वीट ती अशीच काढायची आणि बसवायची.

निघताना सिंधूनं विचारलं, "कव्हा धाडशील?"

"बघू," जगदेवी म्हणाली. एवढ्या दिवसांत जिभेला इतकं गोड काही लागलं नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत तो गोडवा राहिला. यष्टीत बसेपर्यंत उतरला.

*

पंचमीला गल्लीत लिंबाला झोका बांधला. नीलव्वा झोक्यावर बसली, लाह्या खाल्ल्या, बायकांनी तिची विचारपूस केली. "सासू कशी हाय गं?" "नवरा बूट मागतो का?" आप्पा म्हणाले की परवान्याचा कागद अजून व्हायचा आहे, पुढच्या सोमवारी पुन्हा लातूरला जायचंय. जगदेवीनं ते ऐकलं, आणि दुपारी ती नीलव्वाला घेऊन माळवदाखालच्या कणगीपाशी गेली. कणगी रिकामीच होती, तळाशी तेवढी ज्वारी. झाकण उघडून तिनं आत हात घातला.

"तिथं कशाला ठेवतीस?" अव्वानं मागून विचारलं.

जगदेवी वळली नाही. "मी न्हाई धाडणार."

अव्वा खाली बसली. तिनं नीलव्वाला मागून घेतलं आणि डोकं हुंगलं. "तेल बदललंय."

"सिंधू रोज पाण्याचा हात लावून वेणी घालते. मी सोडली तरी लोकर तशीच वळलेली ऱ्हायली."

"माझी बी अशीच ऱ्हायली होती," अव्वा म्हणाली. तिचं माहेर भालकीचं, कर्नाटकातलं. "पहिल्या पंचमीला गेले तव्हा माझी आई असंच डोकं हुंगत बसली. म्हणाली, तेल बदललंय गं पोरी. अन् माझ्या सासूवर इतकी जळली, इतकी जळली, की मला आठ रोज आपल्याच हातानं न्हाऊ घातलं. पार टाळू दुखायला लागली."

"मग? धाडलं का तुला?"

"न धाडून सांगती कुणाला? पोरगी नांदली न्हाई म्हणतात लोक. धाडलं. पण जाताना ओटी अशी भरली, अशी भरली की मला चालता येईना. सासूनं दारात हातात घेतली अन् म्हणाली, अगं बाई, एवढं? आईला तेच ऐकायचं होतं. ती तिथं नव्हती, पण तिला ऐकू गेलं असंल."

जगदेवीनं नीलव्वाचं पोट चाचपलं. मग म्हणाली, "नीलव्वाची ओटी भरायची."

"भरू की. हळद-कुंकू, खण—"

"तशी न्हाई. आत."

अव्वाला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं सुई काढली. पोटाची शिवण दोन बोटं उसवली. ओटी पाच मुठींची असते, आणि कणगीत किती आहे हे घरात तिघांनाही ठाऊक होतं. अव्वानं एकदा दारात आलेल्या आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी कणगी तिरपी केली.

"लेकीची ओटी हाय," ते म्हणाले. आणि जगदेवीची पहिली मूठ आत गेली तशी त्यांनी मोंढ्यातल्यासारखी हाळी दिली, "लाभ." गल्लीत कुणीतरी थांबलं असावं. "दोन." "तीन."

"पुरे," अव्वा म्हणाली. "फुटंल पोरगी."

उरलेल्या दोन मुठी अव्वानं सुपात घेतल्या. शिवण घातली. नीलव्वा आता ताठ बसायला लागली होती, लेकुरवाळ्या बाईसारखी, आणि हातात घेतली की मनगटाला कळायचं.

सोमवारी आप्पा तिला घेऊन गेले. जगदेवी यष्टीपर्यंत गेली नाही. अव्वा ओसरीत त्या दोन मुठी पाखडत होती. सूप वर जाई, खाली येई, आणि ज्वारी सळसळे. जगदेवी आधी लांबून ऐकत होती. मग जवळ सरकली. मग अव्वाच्या मांडीला टेकून सुपाच्या कडेला कान लावून पडली. अव्वाचा हात हळू झाला. कचरा केव्हाच निघून गेला होता, तरी ती पाखडत राहिली.

*

सिंधूस,
नीलव्वा आप्पांबरोबर धाडली आहे. हातात घेऊन बघ. वजन वाढलं आहे. तुझ्याकडं वाळली होती. आता तशीच ठेव, कमी झाली तर मला कळेल. चूल वेगळीच मांड. वेणी घाल, पण घट्ट नको, टाळू दुखते.
बूट सापडला. पण धाडणार नाही. पहिल्या दिवाळीला जावई सासुरवाडीला येतो, त्यानं येऊन न्यावा. सिद्धम्मा म्हणाली तसाच रिवाज आहे.
तू पण ये.
मुऱ्हाळी

'तू पण ये' ही ओळ तिनं आधी लिहिली होती, मग खोडली, मग खोडलेल्यावरच पुन्हा लिहिली. अक्षर चांगलं नव्हतंच, त्यात तिथं पेन इतकं दाबलं होतं की पोस्टकार्ड उलटं केल्यावरही ती ओळ बोटांना लागत होती.